अंगठ्याखालचा कोपरा

"कै. परब यांचे गाजलेले 'करपलेले भात' हे छायाचित्र मुलुंडचे नव्हतेच. ते खाडीपलीकडे घेण्यात आले आणि मुलुंडचे म्हणून खपविण्यात आले. चौकशीच्या वेळी प्लेट दाखविताना त्यांनी तिचा एक कोपरा अंगठ्याने झाकून धरला होता, हे तेथे हजर असलेल्या अनेकांनी पाहिले आहे. त्या अंगठ्याखाली काय होते, ते आता कधीच कळणार नाही."

दोन रविवारांपूर्वी एका पुरवणीत हा मजकूर छापून आला. लेखक तरुण आहेत, शैली बरी आहे आणि मजकुरातले एक वाक्य खरेही आहे. जयराम परबाने प्लेटचा कोपरा अंगठ्याने झाकला होता. चौकशीच्या खोलीत शेवटच्या बाकावर बसून मी तो अंगठा माझ्या डोळ्यांनी पाहिला. बाकीचा मजकूर मात्र असत्य आहे आणि तो खोडून काढण्यास आज माझ्याइतका अधिकारी माणूस दुसरा हयात नाही. वृत्तपत्राच्या अंधारखोलीत मी एकतीस वर्षे काढली. परबाला प्लेट धुवायला मी शिकविले. तो माझ्याहून बावीस वर्षांनी लहान होता आणि माझ्या आधी गेला. गेल्या महिन्यात, सकाळची पूजा आटोपून मी उठत होतो, तोच घाटकोपरहून त्याचा शेजारी निरोप घेऊन दारात उभा राहिला. कावीळ पोटात उतरली होती, म्हणाला. मी त्याला बसा म्हटले, पाणी दिले, आणि त्या क्षणी माझ्या मनात जो पहिला विचार आला तो शोकाचा नव्हता. तो कोणता होता, ते ओघाने येईलच.

आधी किरकोळ गैरसमज निकालात काढतो. शोकसभेत कोणी त्याला निसर्गाचा वेडा म्हटले. परबाला निसर्गाचे वेड मुळीच नव्हते. तो जनावराला भीत असे, जळू पाहिली की बांधावर उडी मारीत असे, आणि सूर्यास्ताचा एकही फोटो त्याने जन्मात काढला नाही. "मास्तर, सूर्य काय उद्यापण मावळतलो," असे तो म्हणे, "ह्या शेत उद्या असात काय, ता सांगा." बाप गिरणीत, मूळ गाव मालवणाकडचे, मुंबईत जन्मूनही त्याची जीभ गावची राहिली होती. दुसरा गैरसमज असा की, तो खेडोपाडी वणवण फिरला. त्याला वणवण करावी लागली नाही. त्याची खेडी कुर्ल्याच्या उत्तरेला सुरू होत आणि बोरिवलीच्या डोंगरात संपत. आपले वाचक ज्यांना उपनगरे म्हणतात, त्यांच्यात अजून नांगर चालतात, पाणवठ्यावर भांडणे होतात आणि ताडी उतरविणारा माणूस सकाळी अंधेरीच्या झाडावरून खाली कारखान्याचा पाया खणलेला पाहतो, हे परबाने दाखविले. सारी छायाचित्रकार मंडळी सभा-मोर्चांच्या मागे धावत होती, तेव्हा हा गृहस्थ घाटकोपरच्या खाणीत सुरुंगाने अर्धी झालेली टेकडी दर महिन्याला एकाच दगडावर उभा राहून टिपत असे. टेकडी कमी होत गेली, तो दगड तेवढा राहिला. शेवटी तो दगडही गेला, तेव्हा परब रिकाम्या हाताने परत आला आणि म्हणाला, "उभा खंय ऱ्हवू?"

त्याच्याजवळ जुना प्लेटचा कॅमेरा होता. इतरांनी केव्हाच फिल्मची गुंडाळी स्वीकारली होती. परब काचेच्या प्लेटी वाहत राहिला. दिवसाला सहा, त्याहून अधिक नाही. तो प्रथम माझ्याकडे आला, तेव्हा मी त्याला तीन नियम सांगितले. प्लेट दोन कडांनी धरायची, काचेवर अंगठा टेकवायचा नाही. मसाल्याची, म्हणजे चित्र उमटते ती, बाजू कोणती हे अंधारात ओळखायचे, तर प्लेटचा कोपरा ओल्या ओठाला लावायचा. जी बाजू चिकटते ती मसाल्याची, जी निसटते ती कोरी काच. आणि तिसरा नियम दारावर माझ्या अक्षरात लिहिलेला होता: अंधारखोलीत पान निषिद्ध. पान खाल्लेला ओठ कशालाही चिकटतो. परबाने पाटी वाचली आणि माझ्या कोटाच्या खिशाकडे पाहिले. खिशातून पानाच्या डब्याचे टोक डोकावत होते.

"ह्यो नेम मास्तरांकपण आसा?"

"मास्तर जिन्यात खातात, अंधारखोलीत नाही."

"बरा आसा. नेम खोलीक आसा, तोंडाक नाय."

असा हजरजबाबी, आणि तरी माझ्यासमोर त्याने कधी विडी ओढली नाही. मला मुलगा नाही. याहून अधिक याविषयी लिहिणे मला प्रशस्त वाटत नाही.

आता त्या छायाचित्राकडे येतो. मुलुंडला आमच्या घरापासून पूर्वेकडे वीस मिनिटे चालले, की आगरी लोकांची एक लहानशी वस्ती लागते. खाडीचे खारे पाणी अडविण्यासाठी मातीचा बांध, बांधात लाकडी दाराची उघाडी, आणि आत भाताची शेते. भरतीला उघाडी मिटायची, ओहोटीला शेतातले जादा पाणी खाडीत सोडायचे. पिढ्यान् पिढ्या एवढ्या एका लाकडी दारावर ती वस्ती जेवत होती. मग वरच्या अंगाला रंगाचा एक कारखाना आला आणि त्याचे पाणी नाल्यातून शेतांत उतरू लागले. तीन वर्षांपूर्वी, भात दाण्याला आले असताना, परब तेथे गेला. चांगुणाबाई नावाची बाई करपलेल्या भातात कमरेइतकी उभी होती. हातात मूठभर लोंब्या, पोचट. तिच्यामागे कारखान्याचे धुरांडे, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. सहा प्लेटींपैकी पाच त्याने पिशवीतून बाहेरही काढल्या नाहीत. एकच फोटो घेतला आणि शनिवारी दुपारी प्लेट धुऊन, वाळवून माझ्या हाती दिली, कारण संध्याकाळच्या आत छपाईचे ठसे करणाऱ्या ब्लॉक खात्याला प्रिंट हवी होती आणि त्याला तसेच बोरिवलीच्या पाड्यांवर जायचे होते.

त्या दिवशी माझ्या धाकट्या मुलीचा साखरपुडा होता. तो उरकून मी थेट कामावर आलो होतो.

"मास्तर, तोंड बरा रंगलाहा आज!" परब म्हणाला.

"व्याह्यांचा आग्रह. जिन्यात थुंकून आलो आहे."

"मगे ठीक. लाडू खंय?"

"बोरिवलीहून ये, मग लाडू."

तो हसत गेला. रविवारी छायाचित्र पहिल्या पानावर आले. कपबशी बाजूला सारून आमच्या कुटुंबाने पेपर हातात घेतला. त्यांना छायाचित्रणातले काही कळत नाही. त्या दागिने पाहतात. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "अहो, ही बाई आपल्या इकडची आहे ना? मग हिची मुरणी उजव्या नाकपुडीत कशी?"

मी म्हणालो, "असेल एखादीची."

"एखादीची कशी असेल? नाक टोचतात ते डावे."

मी पेपर त्यांच्या हातून घेतला आणि खिडकीशी नेला. मुलुंडच्या बांधावर उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले, तर डोंगर डाव्या हाताला असतो आणि खाडी उजव्या. छापलेल्या चित्रात डोंगर उजवीकडे गेला होता, खाडी डावीकडे आली होती. आरशात पाहावे तसे सारे चित्र उलटले होते. प्रिंट काढताना प्लेट यंत्रात पालथी बसली, की असे होते. खाडी ओलांडून पलीकडच्या तीरावर गेले, तर तेथे डोंगर उजवीकडे आणि खाडी डावीकडे खरोखरच दिसते, हा दुर्दैवाचा भाग. त्या पेपरात एक अख्खे गाव खाडीपार नेऊन ठेवले होते आणि मुंबईत ते फक्त मला आणि एका गृहिणीला कळले होते. मी स्वतःला समजावले, दिशा उलटली तरी करपलेले भात करपलेलेच आहे. त्या दिवशी मी जेवलो नाही. मुलीच्या काळजीने, असे घरात सांगितले.

सोमवारी परब पेपराची घडी काखेत घेऊन आला. "मास्तर, डोंगर खाडीत पडलो."

मी हातातल्या कामावरून मान वर केली नाही. "ब्लॉकवाल्यांनी घोळ घातला असेल."

परबाचे स्नेही शोकसभेत अगदी सद्भावनेने हीच हकिगत सांगत होते. ब्लॉक खात्याच्या चुकीपायी बिचाऱ्याचे नाव गेले, म्हणून. त्या खात्यातले कारागीर सज्जन होते, आणि ते बापडे आजही त्या बोलाचे ओझे वाहत आहेत. तेव्हा हेही खोडून काढतो. ही हकिगत प्रथम कोणी रचली, हे मी पक्के जाणतो. त्या सोमवारी ती मीच रचली.

परब प्लेटींच्या कपाटाकडे गेला. खिडकीपाशी, उजेडात, पाठमोरा बराच वेळ उभा राहिला. परत आला तेव्हा ती प्लेट पाकिटात घालून त्याने पिशवीत ठेवली होती. "आसात," एवढेच म्हणाला. मग दाराशी थांबून, "लाडू ऱ्हवले, मास्तर."

पुढचे चार महिने मी कसे काढले, ते मलाच ठाऊक. शिपाई हाक मारीत आला की वाटे, संपादकांचे बोलावणे. परब हसला तरी धास्ती, न हसला तरी धास्ती. तो कोणाशी हळू बोलताना दिसला, की मी नळ बंद करून कान देत असे. कारखान्याविरुद्ध वस्तीने केलेल्या अर्जावर चौकशी लागली, तेव्हा कापणी उरकून शेते उघडी पडली होती. पुरावा म्हणून उरले होते ते छापलेले चित्र. चौकशी मुलुंडच्याच एका शाळेच्या वर्गात झाली. परब म्हणाला, "मास्तर, येशात मां? तुमी नुसते बसा. बरा वाटात." मी गेलो आणि मुलांच्या शेवटच्या बाकावर बसलो. फळ्यावर आदल्या दिवशीचे गणित अर्धवट पुसलेले होते.

डोंगर भलत्या बाजूला आहे, तेव्हा हे मुलुंड नव्हे, असा मुद्दा कारखान्याच्या वकिलांनी प्रथम काढला. मग चांगुणाबाईंना पुढे बोलावून चौकशी करणाऱ्या साहेबांनी पेपर दाखविला.

"बाई, ही तुम्हीच का?"

"मीच हाय."

"नीट पाहून सांगा."

बाईंनी पेपर डोळ्यांजवळ नेला. खोटे बोलणे त्यांच्या रक्तात नव्हते. "तोंड माजाच हाय. पन मुरनी माजे डावे नाकान हाय, ही उजवे नाकान हाय."

वर्गात हशा झाला. वकील नम्रपणे म्हणाले, "म्हणजे बाई या नव्हेत, साहेब. त्याच सांगत आहेत." बाई गोंधळून एकदा पेपराकडे, एकदा परबाकडे पाहू लागल्या. वस्तीतली दहा-बारा माणसे दारात उभी होती, त्यांच्यात कुजबूज झाली आणि एक म्हातारा रागाने बाईंच्या अंगावर ओरडला, "गप्प बसाचा ना गो!"

परब उठला. चित्र उलटे छापले गेले आहे, मुरणी हाच त्याचा पुरावा आहे, हे त्याने जमेल तितक्या शुद्ध भाषेत सांगितले आणि पिशवीतून प्लेट काढून खिडकीच्या उजेडात धरली. साहेब म्हणाले, काच दोन्ही बाजूंनी पाहता येते. खरी बाजू कोणती? परब म्हणाला, मसाल्याची बाजू ओठाला चिकटते. पुन्हा हशा. साहेब प्लेट घेण्यासाठी हात पुढे करू लागले, तर परबाने ती दिली नाही. "काच फुटात, साहेब. मीच धरतंय." तेव्हाच मला दिसले, की ज्याने बारा वर्षांत एकदाही काचेवर बोट टेकविले नव्हते, तो प्लेटचा कोपरा अंगठ्याखाली दाबून उभा होता. मला वाटले, काच निसटू नये म्हणून.

"ही प्रिंट कोणी काढली?" साहेबांनी विचारले.

माझ्या हाताखाली बाकाच्या लाकडात कोणा पोराने कोरलेले नाव होते. मी त्यावरून बोट फिरवीत होतो. मास्तर म्हणून मला सारी मुंबई ओळखत होती. मी उठून दोन वाक्ये बोललो असतो, तर इतक्या वर्षांच्या अनुभवापुढे वकिलांचे काही चालले नसते. हे मी गर्वाने लिहीत नाही, हिशेबाने लिहितो. परब मागे वळला नाही. एकदाही नाही.

"मीच," तो म्हणाला.

"स्वतः काढलेली प्रिंट उलटी आहे, हे छापून येईपर्यंत तुम्हाला कळले नाही?"

"नाही."

"मग आज सुलटी कोणती हे तुम्हाला कळते, असे मी कशावरून मानावे?"

परबाने प्लेट पाकिटात घातली. अर्ज निकालात निघाला. पुढच्या वर्षी वस्तीने उघाडी दुरुस्त केली नाही, कारण राखायला आत काही उरले नव्हते; आता तेथे भरतीचे पाणी आत येते आणि तिवरे वाढू लागले आहेत. परबाला कार्यालयाने शेतांकडून काढून उद्घाटने आणि हारतुऱ्यांवर नेमले. सुट्टीच्या दिवशी तो आपल्या खर्चाने पाड्यांवर, खाणींवर जात राहिला, पण ते फोटो कोणी छापले नाहीत. त्यानंतरच्या त्याच्या प्रत्येक छायाचित्राच्या कोपऱ्यात बारीक 'उ' दिसतो. पुरवणीकार लिहितात, हा 'उ' म्हणजे उपनगर, कलावंताचे आपल्या भूमीशी नाते वगैरे. हे वाङ्मय आहे. 'उ' म्हणजे उजवी बाजू. प्लेटच्या उजव्या कोपऱ्यात तो सुईने ते अक्षर कोरीत असे. काचेवर उलटा कोरावा, तेव्हा कागदावर सुलटा उमटतो. पुन्हा कोणाकडून गफलत होऊ नये, म्हणून. मी निवृत्त होईपर्यंत त्या प्लेटी माझ्याच हातून जात होत्या आणि प्रत्येक 'उ' मला दारावरच्या पाटीसारखा वाचावा लागे.

चांगुणाबाई आता मुलुंडच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसतात. आमच्या कुटुंबाशी त्यांची ओळख जमली आहे. एकदा मी सोबत होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, "फोटूवाले दादा बरं हान ना? त्याना सांगा, आता मी दोनी नाकं टोचून घेतें. म्हंजी कुनी कई बोलाचा नाय." आमच्या कुटुंबाला हसू आले. मी पिशवी उचलून पुढे झालो.

निरोप घेऊन आलेल्या शेजाऱ्यासमोर माझ्या मनात आलेला पहिला विचार आता सांगतो. आता कोणी सांगणार नाही... असा तो विचार होता. त्याची मला लाज वाटते, पण लेखाच्या आरंभी मी अधिकाराची भाषा केली आहे, तेव्हा तो अधिकार कशाचा आहे, हे वाचकांना कळले पाहिजे.

तेराव्यानंतर घाटकोपरला त्याच्या खोलीवर गेलो. तो आजारी असल्याचे मला दोन आठवडे आधीपासून ठाऊक होते आणि मी गेलो नव्हतो. त्याच्या पत्नीने खाटेखालून लाकडी पेटी ओढली. "ही पेटी मास्तरांकडेच दी, दुसऱ्या कोणाक नको, असां सांगून ठेवलेल्यानी." पेटीत त्याच्या साऱ्या प्लेटी होत्या, क्रमाने, मऊ कापडात गुंडाळलेल्या. एकीवर धुळीचा कण सापडेल तर शपथ. शनिवारी कामावरून आला, की तो त्या एकेक काढून ओल्या कापडाने पुसत बसे, असे त्या बाई म्हणाल्या. फक्त एका प्लेटला स्वतः हात लावीत नसे आणि कोणाला लावू देत नसे.

ती प्लेट आता माझ्या टेबलावर, खिडकीपाशी उभी आहे. चित्रात डोंगर डावीकडे आहे, खाडी उजवीकडे, चांगुणाबाईंची मुरणी डाव्या नाकपुडीत. पुरवणीकारांनी यावे आणि पाहावे. शाळेच्या त्या वर्गात जो कोपरा अंगठ्याखाली होता, तोही पाहावा. कोऱ्या काचेच्या बाजूला, त्या कोपऱ्यावर, कात-चुन्याचा लाल, अर्धा ओठ उमटलेला आहे. अंधारखोलीच्या लाल दिव्यात लाल डाग दिसत नाही, खिडकीशी दिसतो. ओल्या बोटाने एकदा घासला असता, तर तो तीन वर्षांपूर्वीच गेला असता... आणि त्या खोलीत काम करणाऱ्यांत पान खाणारा माणूस एकच होता.